जाळीतून आत गेलेल्या अक्षता

कुंदन फडोळ भित्रा होता आणि हे तो कोणापासून लपवत नसे. लिफ्ट असली तरी तो जिनाच चढे. गॅस बंद केल्यावर रेग्युलेटरला पुन्हा एकदा हात लावून बघे. स्कूटरवरून अंबडला कामावर जाताना चौकात हिरवा दिवा लागला तरी आधी दोन्ही बाजूंना बघून घेई, मग पुढे निघे. तोवर मागचे हॉर्न वाजवून दमलेले असत.

कामात मात्र हाच भित्रेपणा उपयोगी पडला. अंबडच्या एका कारखान्यात तो डायची ड्रॉइंग करायचा. वितळलेलं ॲल्युमिनियम ज्या पोलादी साच्यात दाबून भरतात तो डाय. काय तुटेल, कुठे अडकेल, कुठे तापेल, हे कुंदनला आधी दिसे आणि चांगलं काय होईल ते नंतर. त्यामुळे त्याचे डाय सहसा बिघडत नसत.

मार्चअखेर कारखान्याने ड्रॉइंग विभाग बंद केला. ज्यांना घरून काम करायचं असेल त्यांनी स्वतःचा संगणक घ्यावा, असं सांगण्यात आलं. चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीचे सोनवणे साहेब तिकडूनच, इंटरनेटवरून, त्या संगणकावर एक मोठा डाय उघडून बघतील, आत धातू कसा भरतो त्याचं गणित चालवतील. तासभर संगणक न अडखळता चालला तर वर्षभराचं काम कुंदनचं. अडखळला तर ते काम पुण्याच्या एका कंपनीकडे जायचं होतं. पगार तर बंद झालेलाच होता. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेईल, या विचाराने कुंदनला जेवण जात नव्हतं.

घरचा जुना लॅपटॉप असल्या फाइलींपुढे मान टाकायचा. तेव्हा नवीन संगणक घ्यायचा, तोही तयार नाही, एकेक भाग निवडून आपण जोडायचा, असं त्याने ठरवलं. तो लहान हवा, ही त्याची पहिली अट.

"लहान कशाला?" बायकोने, आशाने विचारलं. "टेबल मोकळंच आहे की."

"आग लागली तर एका हाताने उचलून जिना उतरता आला पाहिजे."

आशा त्याच्याकडे बघत राहिली. "आणि मी?"

"तू चालत येशील ना."

बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत, एवढाच तो डबा. एवढ्याशा जागेत ताकदवान प्रोसेसर, जाडजूड ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बसवायचा म्हणजे खेळ नव्हे. कुंदनने डायला करतात तशी तालीम केली. लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे कापून प्रत्येक भागाचं मापात मॉडेल केलं आणि पुठ्ठ्याच्याच डब्यात ते आत-बाहेर करत बसला. कार्ड बसलं की प्रोसेसर गार ठेवणारा कूलर अडे. कूलर बसला की वायरींना वाट उरत नसे. उष्णतेचं भय वेगळंच. एवढ्या दाटीत हवा कोंडली तर संगणक आपणहून बंद पडणार, तोही नेमका साहेबांसमोर. म्हणून त्याने वरच्या बाजूला मोठ्या भोकांची जाळी असलेला डबा निवडला. बारीक जाळीचाही मिळत होता. पण हवा मोकळी जावी म्हणून त्याने मुद्दाम मोठ्या भोकांचा घेतला.

एक गोष्ट त्याने आशाशिवाय कोणाला सांगितली नव्हती. ग्राफिक्स कार्ड कामाला लागतं त्यापेक्षा थोडं वरचं घेतलं होतं, ते गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी. जुन्या लॅपटॉपवरही तो घाटातून भन्नाट गाडी हाणायचा, कठडे तोडायचा, दरीत कोसळून पुन्हा सुरू व्हायचा.

"स्कूटर तीसच्या पुढे जात नाही," आशा म्हणायची, "आणि इथे बघा."

"इथे मरत नाही ना माणूस," कुंदन म्हणायचा.

भाग आले. खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवत त्याने संगणक जोडला, चालवूनही बघितला. उत्तम चालला. आता फक्त चाचणी उरली होती, सोमवारी सकाळी.

पण त्याआधी रविवार होता आणि रविवारी सासूबाई येणार होत्या.

गोजराबाई मखमलाबादच्या. त्यांच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती. त्यांच्याकडे पंप आणला, फवारणीचं यंत्र आणलं, टेम्पो आणला, तरी पूजेआधी कोणी बटणाला हात लावत नसे. जावयाचं पोट ज्या यंत्रावर चालणार त्याची पूजा आपण स्वतः करणार, हे त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं.

"चालू करून बघितलंय हे आईला सांगू नका," आशाने बजावलं.

कुंदनने पूजेचीही तालीम मनात करून ठेवली होती. नारळ बाल्कनीत फोडायचा, म्हणजे पाण्याचा शिंतोडा यायला नको. निरांजन लांबून ओवाळायचं. हार टेबलाच्या कडेला. आणि जाळीवर त्याने खणाचं एक कापड अंथरून ठेवलं होतं, हळदीकुंकू आत पडू नये म्हणून.

गोजराबाई आल्या त्या झेंडूची टोपली घेऊनच. नारळ बाल्कनीत फोडायला त्या कबूल झाल्या, निरांजनही लांबून ओवाळलं. मग त्यांची नजर कापडावर गेली.

"कुंदनराव, झाकून काय ठेवलंय? नवरी हाय का ती?"

"धूळ बसते, आई."

"देवाच्या कामाला कसली धूळ," असं म्हणत त्यांनी कापड उचललं आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची भरली चिमूट वरून सोडली. मळ्यातल्या बाईचा हात तो, पेरणीला सरावलेला. अक्षता जाळीवर सगळीकडे सारख्या पडल्या.

टिक. टिक टिक. मग आत, खोलवर, काहीतरी घरंगळल्याचा बारीक आवाज.

घरातला तांदूळ कोलम, अगदी बारीक. जाळीची भोकं मोठी. सगळ्या गोष्टींची भीती बाळगून झालेल्या कुंदनने अक्षतांची भीती तेवढी बाळगली नव्हती. ओलं कुंकू लागलेला दाणा मदरबोर्डवर नको तिथे चिकटला असेल, तर बटण दाबताच सगळं जळून जाऊ शकतं. उद्या सकाळी साहेब.

"लावा आता बटन," गोजराबाई म्हणाल्या.

कुंदन हलला नाही.

"अहो, लावा ना," आशा म्हणाली.

"आत्ता नको," कुंदनच्या तोंडून निघालं. "आत्ता राहुकाळ आहे."

गोजराबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही. "रविवारचा राहुकाळ दुपारी साडेचारला. आत्ता अकरा वाजलेत. मुहूर्त बघूनच आले मी. काय झालंय ते सांगा सरळ."

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते टिकलं नाही. कुंदनने खाली बघत सांगितलं, "अक्षता आत गेल्यात, आई. चालू केलं तर जळेल कदाचित."

"देवाचे तांदूळ हायेत ते."

"हो. पण ओले आहेत."

गोजराबाईंनी हातातलं कापड घडी करून टेबलावर ठेवलं.

"म्हणजे माझ्या हातानं खराब झालं म्हणा की," गोजराबाई म्हणाल्या, आणि फोडलेला नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तिथून खोबरं खवण्याचा आवाज येऊ लागला, गरजेपेक्षा जास्त जोरात.

कुंदनला आता आणखी एक भीती. पूजा झालेलं यंत्र तासाभरात उलटं करून झटकायचं, तेही ज्यांनी पूजा केली त्यांच्या नाकासमोर. आशाने पलंगावर पांढरी चादर अंथरली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "करा तुम्ही. आईचं मी बघते."

त्याने एकेक स्क्रू काढला. ज्या डब्यात सगळं बसवायला त्याने पुठ्ठ्याचे नमुने झिजवले होते, तो पुन्हा रिकामा केला. एक दाणा पॉवर सप्लायच्या खाली सापडला. दोन दाणे वायरींच्या जुडग्यात. एक प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांत. मदरबोर्डवर एक लाल ठिपका होता, तो त्याने श्वास रोखून पुसला आणि पंख्याखाली वाळू दिला. आणखी दाणे निघत गेले. लालसर, बारीक, एकही तुटलेला नाही.

पण संपले का, हे कसं कळावं? डायमध्ये चार बोल्ट घातले तर चार काढता येतात. इथे आत किती गेले तेच ठाऊक नाही. त्याने न राहवून स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, अंदाजे किती टाकल्या होत्या?"

खवणीचा आवाज थांबला. "अक्षता मोजून टाकतं का कुणी?" आणि पुन्हा सुरू झाला.

त्याने डबा उलटा करून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. कार्ड कानाशी धरून हलवलं. काही नाही. तरी खात्री नाही. उन्हं कलली तेव्हा सगळं जोडून झालं. डोळे मिटून त्याने बटण दाबलं. संगणक सुरू झाला.

"लागलं की," दारात उभ्या गोजराबाई म्हणाल्या. "उगा जीव घाबरा केला लेकीचा." त्या नारळाची बर्फी मागे ठेवून गेल्या, पण जाताना जावयाशी बोलल्या नाहीत.

आता खरं तर पूर्ण ताण देऊन बघायला हवं होतं. ते कार्ड असं होतं की गरम झाल्याशिवाय त्याचे पंखे फिरतच नसत. हे कुंदनला माहीत होतं. पण चालू झालेलं पुन्हा छेडायचा त्याला धीर झाला नाही. उद्याच बघू, असं म्हणून त्याने संगणक बंद केला, आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

सकाळी सोनवणे साहेब फोनवर आले. त्यांना कुंदनची स्क्रीन तिकडे दिसत होती, तिथून चालवताही येत होती. त्यांनी डाय उघडला, गरागरा फिरवला, उभा-आडवा कापून बघितला.

"छान पळतोय. लावा गणित."

गणित सुरू झालं. काही वेळाने कार्डाचे पंखे जागे झाले.

टिक टिक टिक टिक.

एक दाणा पंख्याच्या आत कुठेतरी बसला होता आणि पातं त्याच्यावर आपटत होतं. बघता बघता आवाज थांबला, आणि ते जास्त वाईट होतं, कारण पंखाच थांबला होता. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढू लागला.

साहेबांना आवाज ऐकू गेला नव्हता. गप्प बसावं. कदाचित दाणा सुटेल. कदाचित दुसऱ्या पंख्यावर तासभर निभावेल. आशा दाराशी येऊन उभी राहिली होती. तिलाही टिकटिक ऐकू आली होती. कुंदनने तिच्याकडे बघितलं. काल राहुकाळाचं सांगून काय झालं होतं, ते दोघांनाही आठवत होतं. आकडा अजून चढला.

"साहेब," कुंदन म्हणाला, "हे थांबवावं लागेल."

"का? हँग झाला?"

"नाही. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात तांदूळ अडकलाय."

आता साहेब फोन ठेवणार, असं कुंदनला वाटलं.

"तांदूळ?"

"काल पूजा होती. सासूबाईंनी अक्षता टाकल्या. काढल्या होत्या सगळ्या, असं वाटलं होतं. पूर्ण ताण देऊन बघितलं नाही, ती माझी चूक."

"वरून टाकल्या? जाळीतून?"

"हो."

सोनवणे साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अहो, आमच्याकडे दसऱ्याला नव्या मशीनवरच नारळ फोडला. पाणी पॅनेलमध्ये. आठवडाभर मशीन बंद आणि ज्याने फोडला तो आमचा प्लँट हेड, त्यामुळे बोलायचं कोणी? काढा तो तांदूळ. मी चहा घेऊन येतो. पण गणित पहिल्यापासून चालवायचं, अर्ध्यावरून नाही."

कुंदनने संगणक बंद केला, वायर उपटली, बाजूचं झाकण काढलं. उदबत्तीची विझलेली काडी पंख्याच्या कडेने आत सरकवली. दाणा दिसत होता, लालबुंद, पातं आणि चौकट यांच्या मधोमध. तो आणखी आत गेला असता तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. काडी एकदा सटकली. दुसऱ्यांदा दाणा टुणकन टेबलावर पडला.

झाकण लावलं तोवर साहेब परत आले होते.

"निघाला?"

"निघाला."

"अजून आहेत का आत?"

आयुष्यात या माणसाने कधी खात्री नसलेल्या गोष्टीवर सही केली नव्हती. "माहीत नाही," कुंदन म्हणाला, आणि बटण दाबलं.

गणित पुन्हा पहिल्यापासून लागलं. पंखे फिरले, त्यांचा नुसता सूं आवाज. कुंदन तासभर खुर्चीच्या टोकावर बसून होता. आशाने आणलेला चहा तसाच गार झाला. साहेब मधूनच काहीतरी विचारत, तो उत्तर देई, पण कान डब्याकडे. आकडा एका जागी येऊन थांबला आणि तिथेच राहिला. शेवटी स्क्रीनवर डायच्या पोटात धातू कडेपर्यंत भरलेला दिसला.

"झालं," सोनवणे साहेब म्हणाले. "उद्या पहिलं काम पाठवतो. आणि फडोळ, तांदळाचं सांगितलंत ते बरं केलंत. मध्येच बंद पडला असता तर मी काहीच विचारलं नसतं, सरळ पुण्याला फोन लावला असता."

फोन बंद झाल्यावरही कुंदन जागचा उठला नाही. आशा म्हणाली, "आता बंद करा की. गरम झाला असेल."

"नको," कुंदन म्हणाला. "उद्या काम येणार आहे. राहू दे चालू."

"रात्रभर?"

"बंद केला आणि उद्या लागला नाही तर?"

आशाने कपाळाला हात लावला, मग गार झालेला चहा उचलून गरम करायला घेऊन गेली. कुंदनने जाळीवर तळहात ठेवला. आतून उबदार हवा वर येत होती. तो ऐकत राहिला.