नसरीनचा टोप

शेवटचं ती माझ्याशीच बोलली, पण माझ्याबद्दल नाही. इस्पितळात तिच्या पलंगाशी बसलो होतो. वाटलं, पोरांची नावं घेईल, काही मागेल... तर म्हणाली, "नसरीनचा टोप आपल्याकडे राहिलाय. रिकामा देऊ नका." मी म्हटलं, "बरी हो आणि तूच दे." दुसऱ्या सकाळी जुलेखा गेली.

मी सातवी नापास माणूस. रत्नागिरीकडून सौदीला आलो आणि दम्मामच्या बंदरात क्रेनना ग्रीस लावण्यात उमर गेली. लिहिणं माझं काम नाही, पण बायकोबद्दल दुसरं कोण लिहिणार? नसरीन आमच्या वरच्या मजल्यावर राहते, बांगलादेशची आहे. ती नवीन आली तेव्हा जुलेखाने ताट भरून सांदणं पाठवली. तांदळाची, वाफवलेली. आम्ही ती मटणाच्या रश्श्याबरोबर खातो. नसरीनला वाटलं, हा तिच्या मुलखातला पिठा, पाकाबरोबर खायचा. तिने त्यावर खजुराचा पाक ओतला आणि दोन आम्हालाच खाली आणून दिली. "आपा, बिलकुल हमारा देश जैसा!" जुलेखाने तोंड वाकडं केलं, एक घास खाल्ला, मग दोन्ही संपवली. मला ठेवलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे रस्सा आणि पाक दोन्ही असायचे. पुढे कधीतरी ताटाच्या जागी टोप आला. तो जिन्यावरून खाली-वर व्हायचा, रिकामा कधीच नाही.

नसरीनचा नवरा करीम आणि मी बातम्या बघणारे. दोन देशांचं बिनसलं की आमचंही बिनसायचं. नदीचं पाणी, सरहद्द, व्हिसा... एकदा जिन्यातच जुंपली. तो म्हणाला, "आप लोग बड़ा है, इसलिए दबाता है." मीही ऐकवलं. मग कितीतरी दिवस सलाम बंद. मी घरात बजावलं, वर काही पाठवायचं नाही. जुलेखा फोडणी देत होती, वळलीसुद्धा नाही. "भांडण तुमचं. टोप आमचा." आणि माझ्यासमोर जिना चढून गेली. आता टीव्हीवर सांगतात, दोन्हीकडचे मोठे लोक पुन्हा बोलायला बसलेत, संबंध सुधारायचेत, सहकार्य वाढवायचंय. चांगलं आहे. जुलेखा असती तर एवढंच विचारलं असतं, जाताना हातात काय नेलंय?

ती गेली तेव्हा आमचं बाईमाणूस इथे कुणी नव्हतं. शेवटची आंघोळ नसरीनने घातली. करीम माझ्याबरोबर कबरीत उतरला. वर नुसता दगड आहे, नाव नाही. इथली रीतच तशी.

...आणि ओट्यावर टोप. मुलगा रियाधहून फोनवर म्हणतो, "अब्बा, बिर्याणी ऑर्डर करा, भरा, खलास." खलास कसं? तिने मला सांगितलं होतं. तांदूळ भिजवले, वाटले, वाफवले. फुगण्यासाठी यीस्ट घालतात हे मला काय ठाऊक! चपलेच्या तळासारखी सांदणं झाली. तशीच घेऊन वर गेलो. नसरीनने झाकण काढलं आणि ओढणी तोंडाला लावली. हसते की रडते, कळेना. करीमने एक उचललं, चावलं, चावतच राहिला. "दुलाभाई," तो म्हणाला. त्यांच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला अशी हाक मारतात. "ये खाने का है, या क्रेन का पार्ट?"

ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मग डोळे पुसले आणि नसरीनला म्हटलं, "तुम्हारा टोप. जुलेखा बोली थी, वापस देना."

तिने टोप माझ्याकडेच सरकवला. "ये हमारा नेही, दुलाभाई. ये तो आपा का है. इसलिए तो हम कभी बिना भरा नेही भेजा."

सांदणं ताटात काढून मी टोप उलटा केला. गावाकडे भांड्यावर नाव घालतात. ह्याच्यावर कुणाचंच नव्हतं. इतकी वर्षं दोघी दुसरीचा म्हणून तो जपत होत्या... आता विचारायचं तर कुणाला?

नसरीनने त्यात भात आणि माशाचं कालवण भरून टोप माझ्याच हातात दिला. काल घासला. जुलेखा ठेवायची तिथेच, खिडकीखाली पालथा आहे. बाजूला तांदूळ भिजत घातलेत. यीस्ट आणलीय.