रुमालाखालची बाहुली

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. रोह्याच्या त्या वाढदिवसाच्या केकवरची बाहुली काळी करायला मीच सांगितलं होतं. बाईंनी आपल्या मनाने केली नव्हती.

पेणमध्ये माझं केकचं दुकान आहे. बाई हमरापूरहून यायच्या. मूळच्या गणपतीच्या कारखान्यातल्या, आणि तिथलंही सगळ्यांत अवघड काम त्यांच्याकडे होतं: आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. गणपती रवाना झाले की कारखान्यातलं काम मंदावायचं. ते काही महिने त्या माझ्याकडे केक सजवायच्या.

तुमच्यापैकी कुणी आखणी जवळून पाहिली असेल तर ठाऊक असेल, डोळे काढणारा माणूस श्वास धरून बसतो. बाई केकवरच्या सशाचे डोळेसुद्धा तसेच काढायच्या. डावा हात वर, तळवा आमच्याकडे. म्हणजे दुकानात सगळ्यांनी गप्प बसायचं, गिऱ्हाइकांनीसुद्धा. डोळे झाले की हात खाली यायचा. "आता बोला."

कारखान्याची भाषा त्यांनी कधी सोडली नाही. केकला मूर्ती म्हणायच्या. एका तरुण आईला त्यांनी सरळ विचारलं, "विसर्जन किती वाजता?" तिचा चेहरा उतरला. मी घाईने म्हणालो, "केक कापणार कधी, असं विचारतायत त्या." नंतर मला म्हणाल्या, "शेट, येकच झालं ना. चार मान्सं टाळ्या वाजवनार न् संपवनार."

केक पोचवताना त्या त्याच्या तोंडावर धुतलेला रुमाल टाकायच्या. गणपती घरी नेताना झाकतात, तसा. "ज्याचा हाय त्यानंच पयल्यांदा बघायचा," म्हणायच्या. त्या रुमालानेच पुढे घात केला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. रुमालाला दोष देणं सोपं असतं.

रोह्याचे एक साहेब, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, मुलीला घेऊन दुकानात आले. तिला सहा वर्षं पूर्ण होत होती. बाहुलीचा केक पाहिजे म्हणाले, तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेले. मी मुलीला विचारलं, "कशी पाहिजे गं बाहुली?"

तिने पंजा काचेवर पालथा ठेवला. "माझ्यासारखी. हा रंग."

मुलगी काळी होती. सावळी, गव्हाळ हे शब्द मी मुद्दाम वापरत नाही, त्या पळवाटा आहेत. माझाही रंग तोच आणि माझं अख्खं लहानपण त्या पळवाटांमध्ये गेलं. त्या पंजाकडे बघून मला भरून आलं. बाईंना म्हणालो, "हिच्यासारखीच करा."

"सायबांना इचारलंत?"

"मी सांगतोय ना."

"तोंडाचं काम हाय, शेट. दोनदा इचारते."

"करा हो. जबाबदारी माझी."

बाईंनी दोन दिवस घेतले. स्पंजचा फुगीर घागरा, त्यावर गुलाबी क्रीमच्या झालरी. चेहरा साखरेच्या कणकेचा. कमीजास्त कोको घालून त्यांनी चार गोळे मळले, तीन बाजूला सारले. "त्या पोरीचा हात यवडा तांबूस नवता," म्हणाल्या. दोन वेण्या केल्या, त्यांना लाल रिबिनी बांधल्या. मग डावा हात वर गेला. हात खाली आला तेव्हा बाहुली हसायच्या बेतात होती.

गाडी मी चालवत होतो. बाई शेजारी, केक मांडीवर, बाहुलीच्या तोंडावर रुमाल. कासू गेलं, नागोठणं गेलं. खड्डा आला की त्या बाहुलीला म्हणायच्या, "धर गो बाय."

साहेबांचा हॉल पाहुण्यांनी भरला होता. बाईंनी मुलीला पुढे बोलावलं. "तू काढ रुमाल." तिने काढला. ती ओरडली नाही, उड्या मारल्या नाहीत. फक्त आपल्या वेणीला हात लावला आणि बाहुलीच्या वेणीकडे बघितलं.

"हे काय आणलंय?" तिची आई म्हणाली.

मागून कुणी मावशी बोलली, "अगं, ही तर तुमच्या कामवालीची दिसते." हशा झाला.

वीस-पंचवीस शिकलेली माणसं होती तिथे. एकालाही बाहुलीशेजारी उभी असलेली मुलगी दिसली नाही. मुलीच्याच रंगाचे साहेब मोबाईलमध्ये बघत होते. एवढी वर्षं झाली, या लोकांचा मला अजून संताप येतो. पण निदान ते जे होते ते उघड होते. मी काय केलं ते ऐका.

"कुणी सांगितलं होतं असं करायला?" आईने विचारलं.

मी म्हणालो, "बाईंनी स्वतःच्या डोक्याने केलं. मला विचारलंच नाही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बाईही.

"गोरी करून द्या. आत्ताच्या आत्ता."

वाटेत काही बिघडलं तर असावं म्हणून पांढरं क्रीम बरोबर होतंच. मी ते बाईंपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले. "आखनी झाल्यावर तोंडाला हात लावीत नाय."

"अहो, केक आहे तो. देव नाही."

"व्हय. म्हनून काय झालं?"

मग सुरी मी घेतली. आधी नाक गेलं. डोळे खरवडताना काळा रंग क्रीममध्ये उतरला आणि चेहरा राखाडी झाला, म्हणून दुसरा थर द्यावा लागला. टाळ्या वाजल्या. आईने मुलीचा हात धरून केक कापला.

खरवडलेलं सगळं बाईंनी रुमालात गोळा केलं होतं. परतताना कुंडलिकेच्या काठी त्यांनी गाडी थांबवायला लावली, पाण्यापर्यंत गेल्या आणि रुमाल रिकामा करून आल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "शेट, मी सोताच्या डोक्यानं केलं?"

मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी त्या येऊन आपले ब्रश घेऊन गेल्या. लोकांचं बोलणं मात्र थांबलं नाही. साहेबांच्या घरून पसरलं, माझ्या दुकानातूनही पसरलं. कुणी विचारलं की मी तेच खोटं पुन्हा सांगायचो, न अडखळता. ते हमरापूरला पोचलं. "न विचारता रंग बदलते." कारखान्यात कारागिराबद्दल याहून वाईट बोलणं नाही. मालकाने बाईंची आखणी काढून घेतली आणि त्यांना कच्च्या मूर्तींवर पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारायला बसवलं.

घरचा गणपती आणायला गेलो तेव्हा त्या मला दिसल्या. समोर पांढऱ्या मूर्तींची रांग, एकीलाही डोळे नाहीत. मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. बाई उठल्या, माझ्या मूर्तीच्या तोंडावर त्यांनी रुमाल टाकला. "जपून न्या, शेट."

मी मूर्ती उचलली आणि निघालो.

पुढच्या वर्षी गेलो तर त्या नव्हत्या. काम सोडून मुलीकडे कासूला गेल्या, एवढंच मालक म्हणाला. ती जागा दुसऱ्या कुणाला दिली होती.

बाहुलीचा रंग मी सांगितला होता, हे मी बाईंसमोर, त्या मालकासमोर आणि रोह्याच्या त्या मुलीसमोर बोलायचं देणं लागतो. अजून बोललेलो नाही.