चादरीतला करार कायदा

चनबसप्पा सरांनी पुण्यात काँप्युटर पाहिला, तोही काचेबाहेरून. आत एक बाई भोकं पाडलेली कार्डं यंत्रात घालत होती आणि यंत्र उत्तरं छापत होतं. सर सोलापूरला परतले ते थेट सासऱ्यांच्या चादरीच्या कारखान्यात.

"मामा, आपल्या मागावरही नक्षीसाठी भोकांच्याच पट्ट्या आहेत की! त्याला कायदा शिकवूया."

सासरे शिवप्पा पान चघळत म्हणाले, "त्याला मोर येतोय, हत्ती येतोय. कायदा येतोय का बगा."

सर लॉ कॉलेजात करार कायदा शिकवत, पण बरीच वर्षं हंगामीच. प्राचार्य वेणीमाधवांनी बजावलं होतं, "यंदा शिकवण्यात काही नवं करून दाखवा, कायम करतो. नाहीतर जूनपासून येऊ नका." न येणं म्हणजे सासऱ्यांच्या गादीवर बसून चादरी विकणं. सरांना चादर पांघरायलासुद्धा आवडत नसे.

दिवाळीची सगळी सुट्टी ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत बसले. प्रस्ताव होता का? होय असेल तर भोक, म्हणजे चादरीवर लाल ठिपका. नसेल तर जागा पांढरी. मग स्वीकृती, मग मोबदला, मग करार मोडला का, शेवटी निकाल.

"भोकांनी शहाणपण येत असतं," त्यांची बायको दाक्षायणी म्हणाली, "तर माझी चाळणी केव्हाच वकील झाली असती."

पहिला खटला टेंभुर्णीच्या बाजारातल्या बैलाचा. माग खडखडू लागला. करार झाला, मोडला, निकाल लागला. आणि करार पुन्हा झाला! पट्ट्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोरीनं गोल ओवलेल्या, त्यामुळे शेवटच्या पट्टीमागून पहिली येई. चादर संपली, बैल काही सुटेना.

"जावईबापू, तुमचा खटला संपतच न्हाय की!"

"कोर्टातला तरी कुठं संपतो, मामा? यंत्र अगदी बरोबर शिकलंय."

सरांनी वर्गात चादरी वाटल्या. पोरं ठिपक्यांवर बोट ठेवून कायदा पाठ करू लागली.

परीक्षा आली ती भर एप्रिलात. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं आणि माळशिरसचा रेवणसिद्ध चादर गुंडाळून पेपर लिहीत होता. कपाळावरून घाम उत्तरपत्रिकेवर टपकत होता.

"हिवताप हाय सर," तो प्राचार्यांना म्हणाला.

चादरीखाली त्याचं बोट ठिपक्याठिपक्यानं सरकत होतं. प्राचार्यांनी ते धरलं आणि चनबसप्पा सरांना बोलावलं.

"हे पुस्तक की पांघरूण, तुम्हीच सांगा. पुस्तक असेल तर ही कॉपी. पोरगं बाद, पण तुमचं यंत्र शिकवतं हे सिद्ध झालं. कायमची ऑर्डर आजच काढतो. पांघरूण असेल तर पोरगं सुटलं. आणि तुम्हीही सुटलात."

सरांनी उत्तरपत्रिका वाचली. 'प्रथम निकाल लागतो. मग करार मोडतो. त्यानंतर मोबदला ठरतो, मग स्वीकृती होते. शेवटी प्रस्ताव येतो.' गड्यानं चादर उलटी पांघरली होती! पण एकही पायरी गाळली नव्हती. आजवर कुठल्याच विद्यार्थ्यानं सरांचं शिकवणं असं शब्दन् शब्द उतरवलं नव्हतं. रेवणसिद्ध त्यांच्याकडे बघत होता, चादरीचा काठ मुठीत आवळून.

"पांघरूण आहे," सर म्हणाले.

"या उन्हात?"

"ताप आहे म्हणतोय ना तो. नीट पांघर रे. आणि दुसऱ्या बाजूनं पांघर, जरा ऊब येईल."

जूनमध्ये सर गादीवर बसले. त्यांची करारवाली चादर मोर-हत्तीपेक्षा जास्त खपू लागली. आता तिच्या वरच्या काठाला ते स्वतः हिरवा दोरा शिवतात, म्हणजे निकाल आधी लागत नाही. पण विकताना घडी त्यांच्या हातातून सहजी सुटत नाही.

"आधी सांगा, मोबदला म्हणजे काय?"

गिऱ्हाईक गोंधळून खिशातल्या नोटा पुढे करतं.

"उदाहरण बरोबर. व्याख्या सांगा."

आतून शिवप्पा ओरडतात, "जावईबापू, गिऱ्हाईक हाय ते! पास करा की त्याला!"