न विचारता लावलेला फोटो

रुखसानाआपा चिडली की आवाज चढवत नसे. खुर्ची मागे सरकवून नुसती उभी राहायची. चंद्रपुरातल्या वडिलांच्या फोटो स्टुडिओत तिने इंटरनेट कॅफे काढला होता. दोन हजारच्या दशकाची ती अखेर. सोशल साइट्स नुकत्याच आल्या होत्या आणि आपा त्यांवर लोकांच्या धंद्यांची जाहिरात करून द्यायची. मी तिच्याकडे मजकूर लिहायला होते. पहिल्याच दिवशी मी मराठी जाहिरात शब्दाला शब्द ठेवून हिंदीत उतरवली, आणि खुर्ची सरकली.

"हे कोनासाठी लिवलं?"

"हिंदीवाल्यांसाठी."

"हिंदीवाला म्हंजे कोन? रायपूरचा का भोपाळचा? संग लेकरं हायेत का म्हातारी माय? मानूस डोळ्यापुढं नसन तं लिहूच नको."

तेलुगू ती शेजारणींकडून शिकली होती. बंगाली मजकूर चामोर्शीकडच्या एका बंगाली मास्तरांना दाखवल्याशिवाय टाकत नसे. म्हणायची, "दुसऱ्याच्या भाषेत जायचं तं चपला बाहेर काढून जा लागते."

वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टचं काम आलं. तिने भाषेगणिक वेगळं पान केलं. बंगाल्यांना पूजेच्या सुट्ट्यांची आठवण दिली, तेलुगू कुटुंबांना जेवणात भात मिळेल हे आधी सांगितलं. हैदराबाद, कोलकात्याहून पाहुणे येऊ लागले. मग मालकाने आपल्या मनाने सगळ्या पानांवर एक फोटो चढवला. डोक्यावर मोळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. ती ताराबाई होती, त्याच्याच स्वयंपाकघरात भाकरी करणारी गोंड बाई. खाली ओळ होती, 'जंगलातले रानटी लोक जवळून पाहा.' त्याखाली पुरुषांनी जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही.

आपाने फोन लावला. "तिले विचारलं का?"

मालक हसला. "मॅडम, तिला काय कळतं त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने मोहर्लीला गेलो. ताराबाईंच्या अंगणात बसून आपाने सगळं वाचून दाखवलं, काही न गाळता.

"पाहुने मले पाहून काऊन हासते ते आज समजलं," ताराबाई म्हणाल्या. "मले वाटे, माही भाकर आवडते."

"बाई, तुमाले काय पाहिजे?"

"तो फोटो काढून टाका. आन माहं काम बी राहू द्या."

आपाने त्याच दिवशी पानं पुसली, सगळ्या सभासदांसकट. मालकाने नागपूरच्या कुणाकडून नवी पानं करवली. फोटो तोच, ओळ तीच.

आपाने ताराबाईंना विचारलं, "आता पाहुन्याईलेच सांगू का? तुमचं काम जाईन."

"जाऊ दे काम. चाल," म्हणाल्या.

दुपारच्या जेवणाला दोघी रिसॉर्टच्या हॉलमध्ये शिरल्या, मागे मी. आपा आधी हिंदीत बोलली, मग तेलुगूत. हा फोटो या बाईंचा आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खाली काय काय लिहिलंय, ते त्यांनी ऐकलं आहे. इतकंच. एक तेलुगू आजी ताटावरून उठून ताराबाईंजवळ येऊन उभी राहिली. बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. त्या मानांचा मला अजून संताप येतो.

संध्याकाळी पानांवरून फोटो निघाला. ताराबाईंचं कामही गेलं. मालकाने हॉटेलवाल्यांत आपाचं नाव खराब केलं, तिची कामं बंद झाली. आपाच्या भावाने कॅफेला कुलूप लावलं. "बाईच्या जातीले एवढा राग शोभत नाई," तो माझ्यासमोर म्हणाला. आपा हैदराबादला बहिणीकडे निघाली तेव्हा स्टँडवर मी म्हटलं, थोडं सबुरीने घ्यायला हवं होतं.

"सबुरी त्या मालकाले सांग ना," ती म्हणाली. "मलेच काऊन सांगून राह्यली?"

पुढे ताराबाई मला सावली तालुक्यात धानाच्या रोवणीच्या मजुरांत भेटल्या. म्हणाल्या, "आपाले सांगजा, आता कोनी कॅमेरा काढला का मी तोंड नाई लपवत. जवळ जातो आन इचारतो, काऊन काढून राह्यला?"

निरोप पोचवायला मी हैदराबादला फोन केला. बहिणीने उचलला. आपा आदल्याच महिन्यात वारली होती.