सदू वॉलमनचं घंगाळ

सदू कासारे म्हणून विचारलंत तर शिरवण्यात तुम्हाला कोणी घर दाखवणार नाही. सदू वॉलमन म्हणा, रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडेल. आधी सिडकोच्या आणि मग महापालिकेच्या पाणीखात्यात या माणसाने तीस-बत्तीस वर्षं वॉल फिरवले. पहाटे साडेचारला खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून निघायचं, या सेक्टरचं पाणी सोडायचं, त्या सेक्टरचं बंद करायचं, हा धंदा. पाणी वेळेवर आलं तर त्याची आठवण कोणाला होत नसे. दहा मिनिटं उशीर झाला की मात्र झाडून सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना त्याचा नंबर तोंडपाठ. सदू शिव्याही हसत खायचा. "पानी धरणातून येतंय मॅडम, मी फक्त दरवाजा उघडतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी लोक अजून त्यालाच फोन करतात, आणि हाही अजून उचलतो.

वीस मार्चला मात्र सदूचा थाट वेगळा. बायकोच्या, म्हणजे चांगुणाबाईच्या माहेरचं एक अवाढव्य तांब्याचं घंगाळ आहे. ते चिंचेने घासून लख्ख करायचं, मैदानाच्या कडेला गुलमोहराजवळ मांडायचं आणि काठोकाठ भरायचं. शेजारी स्टूल, स्टुलावर साबण आणि टॉवेल. येणाऱ्याने हात धुवायचे, घंगाळात ओंजळ बुडवायची, पाणी प्यायचं आणि आपल्या वाटेने जायचं. भाषण नाही, स्टेज नाही, हार नाहीत.

नियम एकच, आणि तो सदूच्या आज्याचा. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांबरोबर महाडच्या चवदार तळ्यावर जे हजारो लोक गेले त्यांत हा आजा होता, विशीतला. तोवर त्याने गावात पाणी प्यायलं ते दुसऱ्याने लांबून, वरून ओतलेलं. तेही कोणाच्या मनात आलं तर. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्याने तळ्यात स्वतःचा हात बुडवला. म्हणून सदूच्या घंगाळाला पळी नाही, पेला नाही. हात आपला आपण बुडवायचा, कोणी कोणाला पाजायचं नाही.

या कामात सदूचा जोडीदार हौसेराव. परभणीकडचा, सदूच्याच खात्यात फिटर होता. नामांतराच्या दंगलीत घर जळालं तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आईबरोबर मुंबईला आला आणि तिथून इकडे. एकोणीस वर्षं सदूने घंगाळ भरायचं आणि हौसेरावने साबणाशी उभं राहून प्रत्येकाची झडती घ्यायची. "दाखव हात. नखं काढ की जरा, पानी प्यायचंय का मळनी करायचीय?" नगरसेवकालासुद्धा त्याने एकदा परत पाठवून हात धुवायला लावले होते. दोघं मिळून वर्षभर भांडायचे आणि त्या दिवशी एकदम नवरदेवाच्या मामांसारखे मिरवायचे.

यंदा माशी शिंकली. पुढच्या वर्षी सत्याग्रहाला शंभर वर्षं पुरी होणार, म्हणून दोन पक्षांना आत्तापासूनच चवदार तळ्याचा उमाळा आला. एका पक्षाचा निशांत, इस्त्रीचा कुर्ता आणि दोन मोबाईलवाला. दुसऱ्या पक्षाचा विलास, त्याच्याकडे मोबाईल एकच पण आवाज दोघांचा. मैदानाच्या परवानगीसाठी दोघांनी अर्ज केले. चौकीतल्या साहेबांनी कपाळाला हात लावून मैदानाच्या मधोमध, थेट कडेच्या गुलमोहरापर्यंत, दोरी बांधायला सांगितली.

निशांतच्या फ्लेक्सवर होतं 'समता महोत्सव', विलासच्या फ्लेक्सवर 'संघर्ष दिन'. त्यावरून दोघांची आठवडाभर व्हॉट्सअॅपवर जुंपली. निशांतचं म्हणणं, सगळं पॉझिटिव्ह ठेवायचं, सत्याग्रहाला साथ देणारे सवर्णही होते, त्यांची नावं घ्या, जुनी मारहाण उगाळून काय मिळणार? विलास म्हणे, माणसांची डोकी फोडली, नंतर तळं गोमूत्र ओतून शुद्ध करून घेतलं, ते सोडून काय लेझीम खेळायचं? दोघांचंही खरं होतं. फक्त दोघांनाही खरं पाहिजे होतं ते आपापल्या फ्लेक्सवर मावेल तेवढंच.

मग दोघं पाठोपाठ सदूच्या दारात. सत्याग्रहीचा सख्खा नातू स्टेजवर असला तर कोणाला नको आहे?

"काका, दोन मिनिटं बोला फक्त," निशांत म्हणाला. "आजोबांना ते पाणी कसं अमृतासारखं लागलं, तेवढं."

"आजा तसं नाय बोलला कधी," सदू म्हणाला.

"मग जहर लागलं म्हणाले का? अपमानाचं जहर?" विलास पुढे सरसावला. "तसं सांगा. लोकं पेटून उठतील."

"नाय रे बाबा. आमी लहानपनी विचारायचो, आजा, पानी कसं लागलं? तर म्हनायचा, पान्यासारखं. गावच्या विहिरीचं लागायचं तसंच."

दोघांचे चेहरे पडले. आतून चांगुणाबाई म्हणाली, "चहा घेऊन जा दोघं. साखर सारखीच टाकलीय."

सदूला या सगळ्याची गंमतच वाटली असती. पण हौसेराव विलासकडे गेला, आणि गंमत संपली.

"माझं घर जळालेलं हाय सदू," हौसेराव म्हणाला. "माझ्या मायनं जळकी भांडी पोत्यात भरून आनली. मी त्या महोत्सवात बसू? फुगे लावून?"

"मी कुठं म्हनतो बस? मी पन नाय बसत."

"मग आमच्याकडं ये."

"घंगाळ कुठं जानार नाय हौसे. ते दोरीपाशी मधी राहनार."

"मधी कायबी नसतं," हौसेराव म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

तीन आठवडे तो फिरकला नाही. सदूला फार लागलं ते. साठी उलटलेल्या माणसाने मित्र रुसला म्हणून जेवण टाकावं, हे सांगायलाही लाज वाटते, पण सदूने दोन दिवस टाकलं. त्याला भाषण नको होतं, सत्कार नको होता. वीस तारखेला हौसेरावने येऊन घंगाळात हात बुडवावा, एवढंच हवं होतं.

आणि नेमकी इथे सदूनेच माती खाल्ली. आदल्या दिवशी निशांत म्हणाला, "काका, उन्हात घंगाळ ठेवू नका. आमचा मांडववाला येतोच आहे, तुमच्यावर पण कापड टाकून देईल. नो टेन्शन." सदू भिडस्त. हो म्हणाला. गुलमोहर तर मेट्रोच्या जाहिरातीला आडवा येतो म्हणून पावसाळ्यातच छाटून टाकला होता, सावली कुठली? सकाळी सदू घंगाळ भरून घरी अंघोळीला गेला. परत येऊन पाहतो तो मांडवाचं कापड आलंच नव्हतं. बांबू आले होते, आणि बांबूंवर घंगाळाच्या बरोबर मागे निशांतच्या पक्षाचा आठ बाय दहाचा फ्लेक्स. वर नेत्यांची डोकी, खाली छोट्या अक्षरांत 'समतेचं जल'.

"हे काय रे?" सदू म्हणाला.

"काका, कापड रस्त्यात आहे," निशांत म्हणाला, आणि दुसऱ्या मोबाईलवर बोलायला लागला.

झालं. घंगाळ त्यांचं झालं. विलासची माणसं दोरीपलीकडे त्यांच्या जारचं पाणी पीत होती, घंगाळाकडे ढुंकूनही बघत नव्हती. निशांतच्या स्टेजवर सीलबंद बाटल्या होत्या, बाटलीवर नेत्याचा फोटो. त्यांच्यातल्या एकाला सदूने हाक मारली तर तो म्हणाला, "सगळ्यांचे हात त्यात? अनहायजिनिक आहे हो." सदू साबणाशी एकटाच उभा. दहा वाजले, अकरा वाजले. इकडून समतेच्या घोषणा, तिकडून संघर्षाच्या, आणि मधे भरलेलं घंगाळ. फ्लेक्स काढायला तो एकदा स्टुलावर चढलासुद्धा, पण दोन पोरं धावून आली, काका पडाल, काका उतरा. उतरला.

साडेबाराच्या सुमाराला दोरीपलीकडे गलका झाला. घोषणा देता देता हौसेराव मटकन खाली बसला होता. साखरेचा आजार, सकाळपासून पोटात काही नाही, डोक्यावर मार्चचं ऊन. विलास जार वाकडा करकरून बघत होता, थेंब नव्हता. कोणीतरी पाणी आणायला गाडीवर गेलं.

सदूने मागचापुढचा विचार केला नाही. चहाच्या टपरीवरचा पेला उचलला, घंगाळात बुडवला, आयुष्यात पहिल्यांदा आज्याचा नियम मोडला आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेला.

"घे हौसे. पी."

हौसेरावने डोळे उघडले. पेल्याकडे पाहिलं, सदूच्या खांद्यावरून मागे त्या फ्लेक्सकडे पाहिलं. भोवती त्याच्या पक्षाची पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्याने पेला हाताने बाजूला सारला.

"नगं. त्यांचं पानी हाय."

 विलासने जार खाली ठेवला. तो शब्द कुठल्या दिवशी, कोणाच्या तोंडून निघाला, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. हौसेरावला सगळ्यात आधी कळलं असावं, कारण त्याचा हात हवेत तसाच राहिला.

सदूला राग आला नाही. रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"माज्या आज्याला पानी कोन देत नव्हता, हौसे," तो म्हणाला. "माज्या हातचं कोन घेत नाय. मंग मधल्या शंभर वर्षांत आपन केलं काय?"

 हौसेराव गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. विलास धरायला आला तर त्याला म्हणाला, "सोड." सदूने पुन्हा पेला पुढे केला.

"तू पाजू नको मला," हौसेराव म्हणाला. "माझा हात काय मोडला न्हाई."

दोरी त्याने स्वतःच वर उचलली आणि डुलत डुलत घंगाळापर्यंत गेला. साबणाने हात धुतले, नखंसुद्धा बघितली. वर त्या आठ बाय दहाच्या डोक्यांकडे एकदा बघून मान हलवली. मग दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि प्यायला. पुन्हा बुडवले, पुन्हा प्यायला. मागून दोन्हीकडची माणसं हळूहळू जवळ येऊन उभी राहिली होती. रांग म्हणावी अशी नव्हती अजून.

हौसेरावने ओल्या हातानेच तोंड पुसलं.

"सदू, पानी पार गरम झालंय की रं."

"होनारच," सदू म्हणाला. "सकाळपासून एक हात बुडला नाय त्यात."