रुंद फिल्टर

सोल्डरच्या राळेचा वास आला की अजून कमल समोर येऊन बसते. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या वायरलेस सेटचा फिल्टर निवडणं. मी आठवी शिकलेला, श्रीरामपुरात रेडिओ दुरुस्त करायचो. सेट हातानं बांधलेला. पण माझ्यापेक्षा तिचे कान तिखट, म्हणून पारख तिची.

दोन फिल्टर खटक्यावर जोडले होते, त्यातला एक पक्का बसवायचा होता. अरुंद फिल्टर खरखर गाळायचा, रुंद सगळंच आत येऊ द्यायचा. नगरहून माझा दोस्त वसंता त्याच्या सेटवरून बोलत होता आणि ती हेडफोन लावून मेथी निवडत ऐकत होती.

मी खटका अरुंदावर टाकला. "ह्यो नको," ती म्हणाली. "भावजी रांजणात तोंड घालून बोलत्यात."

"अगं, पण खरखर गेली न्हाई का?"

"खरखरीचं काय एवढं? माणूस माणसावानी ऐकू येऊ द्या. रांजणातला आवाज घरात तुमचा एक हाय, तेवढा बास."

"बरं बाई, रुंदच बसवतो उद्या."

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी दारात माणसं जमली होती. वसंताची रोजची वेळ झाली तसा मी आत जाऊन सेट लावला. "तुझी वहिनी गेली रे," एवढंच बोललो. पलीकडं वसंता रडायला लागला. त्याचा हुंदका, नाक ओढणं, मधला श्वास, सगळं मांडीला मांडी लावून बसल्यावानी ऐकू येत होतं. मला सोसवेना. मी खटका अरुंदावर टाकला.