मधली मुलगी

मांदोय किआंबाओसारखी चंदेरी अक्षरं मनिलाच्या अख्ख्या क्युबाओ भागात कुणाला जमत नव्हती. दोन हजार साल तोंडावर आलं होतं. मनिलातल्या प्रत्येक गायिकेला कॅसेटच्या कव्हरवर पाऱ्यासारखी चकचकीत अक्षरं, निळं आकाश आणि साबणाचे फुगे हवे असायचे. मी तेव्हा त्या मुलींचा मेकअप करायचे.

त्याचं सगळ्यात गाजलेलं कव्हर तीन मुलींचं. आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत, मधला आधी जातो म्हणतात. म्हणून फोटोग्राफरने मला पावडरच्या डब्यासकट कडेला उभं केलं. चौघी झालो, रीत पाळली गेली. पण कंपनीला माझं थोबाड कव्हरवर नको होतं. मांदोयने संगणकावर मला कापलं आणि माझ्या जागी फुगा ठेवला. काही महिन्यांनी कार्यक्रमाहून परतताना त्या मुलींची बस दरीत गेली. दोघी वाचल्या. मधली, मारिवेल, गेली.

ड्रायव्हर पेंगत होता, हे मी मांदोयला तेव्हापासून सांगतेय. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काही नाही. (तिघांच्या फोटोत मीही उभी राहत नाही, ते सोडा.) त्याने कव्हरं कायमची सोडली आणि वाढदिवसांचे फ्लेक्स छापायला लागला. तीन भावंडांचा फोटो आला की गिऱ्हाईकाला न विचारता त्यात एक अस्वल घुसवायचा. त्यावरून भांडणंही झाली. बायको वारल्यावर मुलीला, क्रिझेलला, त्याने एकट्याने वाढवलं.

ती क्रिझेल आता दोन मैत्रिणींबरोबर गाते. हल्लीच्या पोरांना त्या काळाचं खूळ लागलंय, ज्या काळात यांचा जन्मही झाला नव्हता. यांच्या कंपनीने ते जुनं कव्हर कुठूनसं शोधून काढलं. अगदी अस्संच हवं, म्हणाले, आणि ज्याने केलं त्याच्याच हातचं हवं. क्रिझेल नाचतच घरी आली. फोटो काढून झालेसुद्धा होते, आणि मध्ये क्रिझेल उभी होती.

मांदोयने मला फोन करून बोलावलं. दुपारी दुकानात गेले तर हा पडद्यासमोर बसलेला, शेजारी पान्सितच्या शेवयांची ताटली तशीच सुकलेली.

"कसं वाटतंय, कोरिंग?" त्याने विचारलं.

अक्षरं झकास जमली होती. पण मध्ये क्रिझेल नव्हती. तिची मैत्रीण शार्मेन होती.

"ही मधे कधी आली?"

"आत्ता. मीच आणली."

पान्सित शार्मेनच्या आईनेच सकाळी आणून दिलं होतं. माझं डोकंच फिरलं. "जिच्या हातचं खातोस तिच्याच पोरीला पुढे करतोस? लाज नाही वाटत?"

त्याने ताटली बाजूला सारली. तेवढ्यात क्रिझेल आली, पडद्याकडे बघून हसली आणि ही अदलाबदल कशाला, म्हणून विचारू लागली. मग त्याने तिला मारिवेलचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. असल्या गोष्टींना हसणारी मुलगी ती, पण त्या दिवशी हसली नाही.

"मला परत मधे घ्या, ताताय," ती बापाला म्हणाली.

"चौथं काहीतरी घालतो ना. बाहुली, मांजर, काहीही."

"तुम्ही घालाल, कंपनी कापेल. मग मधे शार्मेनच उरेल."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटतेय." तिने खुर्ची ओढली आणि त्याला खेटून बसली. "पण तिला तिथे ठेवलं, तर रोज तिच्या तोंडाकडे कशी बघू?"

त्याने माउस हातात घेतला. मग आपल्याच हाताने लेकीला उचलून मध्ये ठेवलं. मला बघवेना. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

कव्हर आलं आणि गाजलं. लोक म्हणतात, बघितलं की ते जुने बिनघोर दिवस आठवतात. मांदोय संध्याकाळ झाली की फाटकाशी जाऊन उभा राहतो. लांबून रुग्णवाहिकेचा आवाज आला तरी त्याचं धाबं दणाणतं. मी रांधून आणलेला भात निवतो, मी हाक मारते, तो हलत नाही. क्रिझेल आली की रीतीप्रमाणे आशीर्वादासाठी त्याचा हात कपाळाला लावते. तो मग तिचा हात सोडत नाही, तिलाच सोडवून घ्यावा लागतो.